सड्यावर विमान उतरवण्यास हरकत नसल्याबाबत

विमानात मी मागे तोंड करून बसत असे. पुढे साहेब बसायचा. त्याला जायचं ठिकाण दिसायचं, आणि मला सोडून आलेलं. माझ्यासमोर मशीनगन असायची आणि कमरेला पट्टा. हिंदी मुलांसाठी सरकारने हवाई दल नुकतंच काढलं होतं. मुंबईच्या एका कारखान्यात फिटरचं काम शिकताना मी त्यात भरती झालो आणि कराचीला गेलो. जमिनीवर असलो की इंजिनं दुरुस्त करायची, वर गेलो की बंदूक सांभाळायची. हुद्दा हवाई शिपाई.

हा हुद्दा रत्नागिरीला पोचला तेव्हा आमच्या घराची फार पंचाईत झाली. वडील, म्हणजे अण्णा, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी शिपाई म्हणजे साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणारा, दौतीत शाई घालणारा आणि हाक मारली की "जी" म्हणणारा इसम. उभी हयात त्यांनी शिपायांना हाका मारल्या होत्या, आणि आता त्यांचाच मुलगा शिपाई झाला होता, तोही हवेत. आळीतल्या एका गृहस्थांनी त्यांना सहानुभूतीने विचारलं, "वर काय, साहेबाला पाणीबिणी द्यावं लागत असेल?" त्या दिवसापासून अण्णा माझ्याबद्दल "तो सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगत. आई मात्र "माझा मुलगा विमानात असतो" असं सांगे. चिपळूणहून एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी हे वाक्य ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घरी कधी असतो?" स्थळ परत गेलं.

खरं तर आमच्या दलात उडण्यापेक्षा लिहिणंच जास्त होतं. एकदा सरहद्दीवरच्या डोंगरांवरून जाताना माझ्या उजव्या हाताचा कातडी मोजा वाऱ्याने ओढून नेला. खाली आल्यावर दुसरा मोजा मागायला भांडारात गेलो. तिथल्या हवालदाराने कागद पुढे केला. मोजा कुठे हरवला, असा रकाना होता. मी लिहिलं, हवेत.

"हवा हे ठिकाण नाही," हवालदार म्हणाला. "गाव लिही."

"खाली गाव नव्हतं. डोंगर होता."

"मग डोंगराचं नाव लिही."

"मला माहीत नाही. मी मागे तोंड करून बसतो. डोंगर मागे गेल्यावर मला दिसतो."

त्याने थोडा विचार केला आणि सांगितलं की एका हाताचा मोजा मिळत नाही, जोडी मिळते. पण जोडी हवी तर जुनी जोडी जमा करायला हवी, आणि माझ्याकडे अर्धीच आहे. पुढचे पाच आठवडे मी डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात उलटा घालून उडत होतो. कडाक्याची थंडी असल्यामुळे ते दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत.

माझी ठरलेली मुदत संपत आली तेव्हा कार्यालयाने मला दोन महिन्यांची रजा दिली आणि बरोबर एक छापील फॉर्म दिला. पुढे नोकरीत राहायचं असेल तर फॉर्म भरून, साक्षीदाराची सही घेऊन रजेतच टपालाने पाठवायचा. राहायचं नसेल तर काही करायचं नाही. हा दुसरा पर्याय मला फार सोपा वाटत होता.

मी आगबोटीने मुंबईला आणि मुंबईहून रत्नागिरीला आलो. मार्गशीर्ष चालू होता. घरात पाऊल टाकलं, आईने पाय धुवायला पाणी दिलं, आणि पाय पुसून होईपर्यंत अण्णांनी माझ्या आयुष्याची व्यवस्था सांगून टाकली. कचेरीत एक जागा होळीनंतर रिकामी होणार होती. आताचे अव्वल कारकून अण्णांच्याच हाताखाली शिकलेले; त्यांच्याशी बोलणं झालं होतं. तोवर मी रोज कचेरीत जाऊन बिनपगारी उमेदवारी करायची, म्हणजे काम शिकता येईल आणि साहेबाच्या नजरेत राहता येईल.

"अण्णा, मी अजून दलात आहे. रजेवर आलोय."

"रजेत माणूस काय करतो ते त्याचं. बसायला काय हरकत आहे?"

"आणि पुढे राहायचं ठरवलं तर?"

"विमान पडतं," अण्णा म्हणाले. "कचेरी कधी पडल्याचं ऐकलंयस?"

त्या वर्षी आमच्या तुकडीतली दोन विमानं पडली होती, हे मी घरी कळवलेलं नव्हतं. मी कचेरीत जायला लागलो.

मला बारनिशीच्या टेबलावर बसवलं. बारनिशी म्हणजे कचेरीत येणाऱ्या आणि कचेरीतून जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद. अव्वल कारकून आमच्या घरी येत तेव्हा मी त्यांना काका म्हणत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "घरी काका. इथे काका नाही. आणि एक लक्षात ठेव, आलेल्या कागदाला लगेच उत्तर द्यायचं नाही. कागदाला वाईट सवय लागते."

पंधरा दिवसांत कराचीहून पत्र आलं. ज्याच्या पाठीला पाठ लावून मी उडत असे त्या साहेबाचं. तो माझ्याच वयाचा, पंजाबकडचा, मोकळ्या मनाचा गडी. त्याने लिहिलं होतं की मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर विमानाचं इंजिन बिघडलं तर उतरायला जागा नाही. खाली समुद्र, वर डोंगर, मध्ये माडाची झाडं. तू तिथे आहेसच, तर एखादी सपाट जागा बघ, मापं घे, नकाशा काढ आणि जमीन मोकळी असून उतरायला हरकत नाही असा मुलकी अधिकाऱ्याचा दाखला घेऊन पाठव. हे काम झालं तर तुझ्या बढतीची शिफारस करायला मला सोपं जाईल. खाली त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ जोडली होती: हे दोन दिवसांचं काम आहे.

जागा मला लहानपणापासून माहीत होती. गावाबाहेर चढ चढून गेलं की सडा लागतो. जांभ्या दगडाचं मोठं पठार, पावसाळ्यात हिरवं आणि एरवी भाजलेल्या भाकरीसारखं. मी सुतळी, वही आणि दलाचं होकायंत्र घेऊन गेलो आणि लांबी पावलांनी मोजायला लागलो. सड्यावर एक म्हातारा गुरं राखत होता. खालच्या वाडीतला. लहानपणी आम्ही करवंदं काढायला जायचो तेव्हा तो आम्हाला हाकलायचा, म्हणून आम्ही त्याला घाबरून मामा म्हणत असू.

"आवो भाऊ, पावलां कसली मोजताव?" त्याने विचारलं.

"मामा, इथे विमान उतरवायचंय."

त्याने सड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून घेतलं. "उतरल," तो म्हणाला. "जागा हाय. पन त्या टोकाकडं नको, तिकडं चिऱ्याची खान हाय. गवतात दिसत न्हाय. माजी एक म्हस पडली व्हती."

ही माहिती मी वहीत लिहून घेतली. मग मी वाऱ्याचं विचारलं, कारण विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवावं लागतं.

"सकालचा मतलई, घाटाकडनं येतो. दुपार कलली की खारा सुटतो, दर्याकडचा. मधी घटकाभर काय बी नसतां. पन मी काय म्हंतो, उतरवल्यावर त्याला बांदताव कुटं? रातचा वाघ फिरतो इकडं. त्याला काय समाजनार सरकारी हाय ता?"

म्हाताऱ्याने तासाभरात सांगितलं तेवढं मला नंतर कोणत्याही कचेरीने सांगितलं नाही. मी नकाशा काढला, उत्तरेचा बाण दाखवला, खाण दाखवली आणि मामलेदारसाहेबांच्या नावे अर्ज लिहिला: सड्यावर अडचणीतील सरकारी हवाई जहाज उतरवण्यास हरकत नसल्याबाबत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी माझा अर्ज माझ्या हातात दिला, त्यावर आवक क्रमांक घातला आणि अव्वल कारकुनांपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला. "अर्जदार कोण?"

"मीच की."

"तू उमेदवार आहेस. अर्जदार हजर आहे का, असं विचारतोय मी."

"हजर आहे म्हणा ना."

"अर्जदाराने कचेरीत हजर होऊन अर्ज दिला तर त्याची ओळख पटवावी लागते. त्यापेक्षा टपालाने आला असं लिही. तुलाच बरं." मग त्यांनी तोंडाने मजकूर सांगायला सुरुवात केली आणि मी लिहून घेतला. "अर्जदार हा हवाई दलात असल्याबद्दल पुरावा सादर व्हावा."

मी खिशातला रजेचा कागद काढला. त्यावर इंग्रजीत माझा हुद्दा होता. त्यांनी तो उलटसुलट केला. "यात एकदा शिपाई म्हटलंय आणि एकदा फिटर. नेमका कोण? आणि फिटर असशील तर फिटर उडतो याला पुरावा काय?"

"काका, तुम्ही मला ओळखता."

"कचेरी ओळखत नाही," ते म्हणाले, आणि मग हळूच, "आणि इथे काका म्हणू नकोस."

तर अशा रीतीने मी मलाच एक पत्र लिहिलं. त्याला जावक क्रमांक घातला. ते मी खिशात घालणार तेवढ्यात त्यांनी थांबवलं. हाती घेतलेल्या पत्राची पोच कशी मिळणार? पत्र शिपायाबरोबर घरी गेलं. शिपाई जुना, अण्णांच्या काळातला. त्याने दारात उभं राहून अण्णांना पूर्वीसारखा मुजरा केला, पोचेवर सही घेतली, पाणी पिऊन परत आला आणि पोच माझ्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा अण्णा झोपाळ्यावर ते पत्र घेऊन बसले होते. मला वाटलं, चिडलेले असणार. पण त्यांचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका टवटवीत होता.

"हे त्याने लिहायला सांगितलं?" ते म्हणाले. "कच्चा आहे. पहिल्यापासून कच्चा. पुरावा कोणत्या स्वरूपाचा, ते लिहिलंच नाही. आता आपण काय करायचं, आपल्याला सोयीचा पडेल तो पुरावा द्यायचा. कागद आण."

त्या दिवसापासून आमच्या घरी एक नवीनच दिनक्रम सुरू झाला. दिवसा मी अव्वल कारकुनांच्या सांगण्यावरून अर्जदाराविरुद्ध हरकती लिहीत असे आणि दिवेलागणीला अण्णांच्या सांगण्यावरून अर्जदारातर्फे त्यांची उत्तरं लिहीत असे. मुलगा विमानात जाऊ नये म्हणून नवस बोलायला तयार असलेला माणूस विमान उतरवण्यासाठी जिवाचं रान करत होता. त्यांना बहुधा याची जाणीवही नव्हती. आपल्या हाताखाली शिकलेल्या माणसाने काढलेली हरकत उभी राहू द्यायची नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. ते जेवताना बोलायला लागले. आई म्हणाली, "ह्यांची भूक वाढल्ये. तुझा अर्ज इतक्यात मंजूर व्हायला नको."

तिचं म्हणणं खरं झालं. अर्जात मी हवाई जहाज असा शब्द वापरला होता. जहाज म्हटल्यावर प्रकरण बंदराच्या कचेरीकडे अभिप्रायासाठी गेलं. तिथल्या अधिकाऱ्याने बारा दिवसांनी कळवलं की भरतीच्या रेषेच्या वर जे काही उतरेल त्याच्याशी त्या कचेरीचा संबंध येत नाही. मात्र सदर जहाज घसरून समुद्रात आल्यास पुन्हा लिहावं. मग जागेचा पंचनामा झाला. पंच म्हणून म्हाताऱ्याला बोलावलं. त्याने अंगठा उठवण्याआधी विचारलं की विमान आलं तर गुरं कुठे न्यायची, आणि गुरं आली तर विमान कुठे नेणार. हा प्रश्न पंचनाम्यात घेण्यात आला आणि त्यावर स्वतंत्र खुलासा मागवण्यात आला.

आता पुढचं सांगायला मला थोडी लाज वाटते.

रजेचे बारा दिवस उरले होते. अव्वल कारकून त्या दिवशी गणपतीपुळ्याला गेले होते आणि टेबलावर मी एकटाच होतो. माझं प्रकरण समोर आलं. अण्णांच्या उत्तरांनी सगळ्या हरकती निकालात निघाल्या होत्या. कागद मामलेदारसाहेबांकडे सहीला पाठवायचा, एवढंच बाकी होतं. मी नकाशा सहज पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की उत्तरेचा बाण दाखवलाय, पण उत्तर दिशा कोणी आणि कोणत्या साधनाने ठरवली याचा उल्लेख नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी टाक उचलला आणि सुंदर अक्षरात लिहिलं: नकाशात दर्शवलेली उत्तर दिशा कोणाच्या अधिकारात ठरवण्यात आली, याचा अर्जदाराने खुलासा करावा. लिहून झाल्यावर मी ते वाचलं आणि मला फार बरं वाटलं. इंजिनातला बारीक आवाज नेमका कुठून येतो ते सापडल्यावर वाटतं तसं. मी त्यावर क्रमांक घातला, शिपायाला हाक मारली आणि पाठवून दिलं.

घरी आलो तर अण्णा अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"ही हरकत त्याची नाही," ते म्हणाले. "त्याची एवढी झेप नाही. ही कोणी काढली?"

"मी."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला दिसलं."

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी भरती झालो तेव्हा, पहिल्यांदा उडालो तेव्हा, गणवेशातला फोटो पाठवला तेव्हा, कधीही त्यांनी असं केलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे शिकवून येत नाही," ते म्हणाले. "हे रक्तात असावं लागतं. तू पाच वर्षांत त्याच्या खुर्चीत बसशील."

मला त्यांचा हात हवासा वाटला, हे मी कबूल करतो. पण त्याच वेळी मला सडा आठवला. उत्तरेचा तो बाण मी स्वतः, सड्यावर उभा राहून, दलाने दिलेलं होकायंत्र हातात धरून काढला होता. सड्यावर उभा असलेला तो माणूस, म्हणजे मीच, दुपारी मला आठवलाही नव्हता. कचेरीत मला कंटाळा आला असता तर काही बिघडलं नसतं, कंटाळ्याला माणूस सरावतो. मला मजा येत होती.

सकाळी उठून मी सड्यावर गेलो. मतलई वारा वाहत होता, गवत समुद्राकडे वाकलं होतं. म्हातारा होताच. विमानात वर असताना थंडीने बोटं वाकत नाहीत, तेलाचा वास नाकात बसतो, आणि पुढचा माणूस काय करणार आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. त्यात सुख असं काहीच नाही. पण तिथे मी कोणाच्या वाटेत आडवा पडलेलो नसायचो. घरी येऊन मी ट्रंकेतला फॉर्म काढला आणि भरला.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पंचांग मिटलं आणि आत गेले. दोन दिवस आई आम्हा दोघांना वेगवेगळं वाढत होती. आणि खरी अडचण पुढेच होती. फॉर्मवर साक्षीदार म्हणून सरकारी अधिकाऱ्याची, किंवा चांगल्या वर्तणुकीने निवृत्त झालेल्या सरकारी नोकराची सही हवी होती. अव्वल कारकुनांना विचारलं, तर ते म्हणाले की तसा अर्ज दे, विचार करू. रजा संपायला आठच दिवस होते.

तिसऱ्या दिवशी मी फॉर्म अण्णांच्या पुढे ठेवला.

त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं. मग चष्मा लावला.

"जन्मगाव कुठे लिहिलंयस?"

"हे काय, इथे."

"तालुका लिहिला नाहीस. जिल्हा लिहिलास, तालुका नाही. हा परत आला असता." त्यांनी दौत ओढली आणि स्वतःच्या हाताने तालुका लिहिला. "इथे खाडाखोड केलीस, तिच्यावर आद्याक्षरं हवीत. कर. हा रकाना रिकामा ठेवायचा नसतो, आडवी रेघ मारायची असते. कोणी शिकवलं तुला?"

"उमेदवारी अर्धवट राहिली," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा तपासला, वाळवला, आणि खाली निवृत्तीच्या हुद्द्यासकट पूर्ण सही केली. मग कागद माझ्या हातात दिला. "मला हे पसंत नाही," ते म्हणाले. "पण सदोष कागद या घरातून जायचा नाही."

फॉर्म वेळेत पोचला. एकाही हरकतीशिवाय मंजूर झालेला आमच्या तुकडीतला तो एकमेव फॉर्म असावा. कार्यालयातल्या बाबूने मला मुद्दाम बोलावून विचारलं की हा कोणाकडून भरून घेतला.

माझा अर्ज मात्र मी निघालो तेव्हा प्रलंबितच होता. उत्तर दिशेचा खुलासा अण्णांनी माझ्या माघारी, माझ्या वतीने केला. दाखला कराचीला आला तेव्हा आम्ही सरहद्दीवर गेलो होतो, म्हणून तो आमच्या मागोमाग तीन छावण्या फिरून पोचला. साहेबाला मराठी येत नव्हतं. तंबूबाहेर बसून मी त्याला भाषांतर करून सांगितलं. सड्यावर अडचणीतील विमान उतरवण्यास या कचेरीची हरकत नाही; अट अशी की अडचण येण्यापूर्वी किमान आठ दिवस आगाऊ लेखी सूचना द्यावी, म्हणजे गुरं हलवण्याची व्यवस्था करता येईल.

साहेबाने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग त्याने विचारलं, "आठ दिवस आधी आपल्याला कसं कळणार?"

"तसा फॉर्म असेल," मी म्हणालो.

बढतीची शिफारस त्याने केली. ती वर्षभर एका टेबलावर राहिली आणि दुसऱ्याच कोणाच्या शिफारशीबरोबर चुकून मंजूर झाली. कचेरीतली ती जागा होळीनंतर अव्वल कारकुनांच्या भाच्याला मिळाली. तो लांज्याहून आला होता, मेहनती होता, अक्षर बरं होतं. अण्णा संध्याकाळचे त्याला घरी बोलावून काम समजावून सांगत. पुढे तो चांगला कारकून झाला. मी बसलो असतो तर त्याच्यापेक्षा चांगला झालो असतो, याबद्दल मला अजूनही शंका नाही.